पत्ता तुमचा, सर्व्हर कुठला?

थंडरबर्डमध्ये जीमेलचा आयडी टाकला तर काय होतं? दोन सेकंद चक्र फिरतं आणि सगळी सेटिंग्ज आपोआप भरून येतात. आता तिथेच एखाद्या छोट्या कंपनीचा आयडी टाकून बघा. समोर भला मोठा फॉर्म! इनकमिंग सर्व्हर कुठला, आउटगोइंग कुठला, पोर्ट ९९३ की १४३, एसएसएल की स्टार्टटीएलएस... अकाउंट्समधल्या काकांनी हे कसं भरायचं?

सुट्टीत मी जिथे इनप्लांट ट्रेनिंगला होते, तिथे यावर उपाय म्हणजे एक लॅमिनेट केलेला कागद! नवा माणूस आला की सिस्टिम अ‍ॅडमिन तो कागद घेऊन त्याच्या टेबलावर जायचे. सर्व्हर बदलला तेव्हा सगळ्यांच्या टेबलांवर पुन्हा गेले. खरं तर हे काम एका छोट्या एक्सएमएल फाइलचं आहे. या प्रकाराला 'स्वयंचलित संरचना' म्हणावं असं सुचवलं गेलं होतं, पण मी आपली ऑटोकॉन्फिगच म्हणते, नाहीतर माझा लेख मलाच कळायचा नाही.

मूळ प्रश्न साधा आहे. ईमेल पत्त्यात फक्त डोमेन असतं. मेल ज्या सर्व्हरवरून वाचायची, त्याचं नाव त्यात नसतं. मग क्लायंट प्रोग्रामने ते कुणाला विचारायचं? नव्या गल्लीत आपण घर शोधतो तसंच: आधी दारावरची पाटी बघायची, मग पानवाल्याला विचारायचं, आणि तरी नाहीच सापडलं तर अंदाजाने बेल वाजवायची.

थंडरबर्ड अगदी असंच करतो. ही सोय २००९ साली थंडरबर्ड ३ मध्ये आली. समजा तुमचं डोमेन आहे कखग डॉट इन. तर तो आधी 'ऑटोकॉन्फिग डॉट कखग डॉट इन' या पत्त्यावर एक एक्सएमएल फाइल मागतो, नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवरच्या 'वेल-नोन' फोल्डरमध्ये बघतो. ही झाली दारावरची पाटी. नसेल तर थंडरबर्डचा स्वतःचा डेटाबेस आहे, त्याला विचारतो. जीमेल तिथेच सापडतं. हा पानवाला सज्जन आहे, त्याला फक्त डोमेन सांगितलं जातं, तुमचा पूर्ण पत्ता नाही. आणि शेवटी अंदाज: 'आयमॅप डॉट', 'मेल डॉट' अशी नावं लावून बघायची.

फाइलमध्ये फार काही नसतं. मेल वाचायला आयमॅप, सर्व्हरचं नाव, पोर्ट ९९३. पाठवायला एसएमटीपी, पोर्ट ४६५ किंवा ५८७. पासवर्डच्या पद्धतीपुढे 'क्लिअरटेक्स्ट' लिहिलेलं असतं ते बघून दचकू नका. पासवर्ड तसाच जातो हे खरं, पण टीएलएसच्या बंद पाइपातून जातो. खरी गोची युजरनेमची. पूर्ण ईमेल पत्ता किंवा @ च्या आधीचा भाग हेच युजरनेम असेल, तर फाइलमध्ये तशी खूण लिहिली की झालं. पण कंपनीत लॉगिन एम्प्लॉयी नंबरने होत असेल तर? पत्त्यावरून नंबर कसा कळणार? मग साधी फाइल चालत नाही. त्या जागी एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी लागते. थंडरबर्ड विनंतीत ईमेल पत्ता पाठवतो, स्क्रिप्ट तो एलडॅपमध्ये शोधते आणि त्या माणसापुरतं उत्तर बनवून देते.

आउटलुकची तऱ्हा वेगळी. त्याचं ऑटोडिस्कव्हर २००७ च्या एक्स्चेंज आणि आउटलुकबरोबर आलं. नेहमीचं डेस्कटॉप आउटलुक बाहेरून शोधताना आधी थेट कंपनीच्या डोमेनवर विचारतं, मग 'ऑटोडिस्कव्हर डॉट कखग डॉट इन' वर, आणि बरंच नंतर डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डकडे वळतं. इथे एक मजा होते. कंपनीची वेबसाइट बहुधा दुसऱ्याच होस्टिंगवाल्याकडे असते आणि त्याचा सर्व्हर आगाऊपणे स्वतःचंच उत्तर देऊन टाकतो. मग तुम्ही आत कितीही नीट सेटिंग करा, आउटलुक जातं भलतीकडे. तेव्हा पहिल्या दारावर कोण उभं आहे ते आधी बघा.

आयफोन या दोन्हींपेक्षा निराळा. साध्या आयमॅप खात्यासाठी तो कुठे विचारत नाही, त्याला कॉन्फिगरेशन प्रोफाइलची फाइल हातात द्यावी लागते. ती साइन केलेली हवी, नाहीतर 'साइन केलेली नाही' असं लाल अक्षरात दिसतं आणि लोक घाबरतात.

एवढा खटाटोप फक्त काकांच्या सोयीसाठी का? नाही. पाटी लावली नाही तर काय होतं ते २०२१ मध्ये दिसलं. काही क्लायंट प्रोग्राम कखग डॉट इन वर उत्तर मिळालं नाही की एक पायरी वर जाऊन चक्क 'ऑटोडिस्कव्हर डॉट इन' ला विचारत होते! ते डोमेन तर कुणीही विकत घ्यावं. गार्डिकोर या सुरक्षा कंपनीच्या अमित सर्पर यांनी घेतलं, आणि त्याबरोबर ब्राझील, फ्रान्स, सिंगापूर वगैरेंचीही तशीच डोमेन्स घेतली. १६ एप्रिल ते २५ ऑगस्ट एवढ्या काळात त्यांच्या सर्व्हरवर विंडोज डोमेनची ३,७२,०७२ लॉगिन्स पासवर्डसकट येऊन पडली. कुणी हॅकिंग केलं नव्हतं. प्रोग्रामच अनोळखी दारात जाऊन किल्ली देत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

म्हणून तुमच्याकडे मेल सर्व्हर आला तर थंडरबर्ड आणि आउटलुक दोघांचीही उत्तरं ठेवा, आउटलुक कुणी वापरत नसलं तरी. उद्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर ते असणारच. दोन्ही नावांवर खरं सर्टिफिकेट हवं, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं. जुनं बेसिक ऑथेंटिकेशन जिथे शक्य आहे तिथे बंद करा, आणि 'ऑटोडिस्कव्हर डॉट इन' सारखी उघडी नावं फायरवॉलवर अडवा.

आणि तपासताना ऑफिसच्या लॅनवर बसून तपासू नका. आतला डीएनएस वेगळं उत्तर देऊ शकतो. मोबाइलचं इंटरनेट लावा, ब्राउझरमध्ये ऑटोकॉन्फिगचा पूर्ण पत्ता टाका. एक्सएमएल दिसलं आणि कुलपाबद्दल तक्रार आली नाही, तर थंडरबर्डचं काम झालं. आउटलुकसाठी टास्कबारच्या कोपऱ्यातल्या त्याच्या आयकॉनवर कंट्रोल दाबून राइट क्लिक करा. तिथल्या टेस्टमध्ये ते कुठल्या कुठल्या दारात गेलं आणि कुणी काय उत्तर दिलं, ते ओळीने दिसतं.