डिस्कस घरी आणलात? पहिले १४ दिवस आधी पाणी, मग पोट

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मधे मधे येणारे 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट लिहिलेत.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. गेल्या उन्हाळ्यात मी कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारातून ६ डिस्कस आणले. ताटलीसारखे गोल, चपटे, निळे-तांबडे. दुकानातले काका पिशव्या बांधताना म्हणाले, "दोन दिवस काही घालू नकोस रे त्यांना." मी मान हलवली. एक्सप्रेसवे, तळेगाव, मग चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकून शिक्रापूरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. घरी आल्यावर बिचारे भुकेले असतील म्हणून लगेच ब्लडवर्म टाकले. एकानेही तोंड लावलं नाही. म्हणून रात्री पुन्हा टाकले.

पाचव्या दिवशी सहातले दोन उरले होते.

पेशाने मी सॉफ्टवेअरवाला. काहीतरी बंद पडलं की आधी लॉग बघतो. इथे लॉग म्हणजे पाण्याची टेस्ट किट, आणि ती मी मासे मेल्यावर विकत घेतली! अमोनिया १ पीपीएम, पीएच ८.२. या दोन आकड्यांतच सगळं उत्तर होतं.

अमोनियाचं गणित

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. न खाल्लेलं अन्न कुजलं की आणखी अमोनिया तयार होतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू असतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा बराच सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतातच. ते तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. माझा टँक ४ दिवसांचा होता. म्हणजे टेस्टिंग न करताच मी थेट प्रॉडक्शनला सोडलं होतं.

आता यातली खरी मेख. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप फारसा त्रास देत नाही, दुसरं कल्ले जाळतं. कुठलं किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. २८ अंशाला पीएच ७ असेल तर घातक रूप जेमतेम पाऊण टक्का असतं. पीएच ८.२ ला तेच १० टक्क्यांच्या आसपास जातं. किटवर रंग तोच दिसतो, विष मात्र चौदापट! आपल्या भागात काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं आणि पीएच वरच्या बाजूला असतो. त्यात डिस्कसला पाणी गरम लागतं. दोन्ही गोष्टी आपल्या विरोधात.

पिशवी उघडताना

माझी दुसरी चूक इथे झाली. व्हिडिओत बघून मी पिशवी उघडली आणि नळीने दोन तास थेंब थेंब टँकचं पाणी सोडत बसलो. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पीएच खाली राहतो आणि साठलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो. वर आपण ८.२ चं पाणी ओततो. पीएच चढतो आणि मासा त्याच पिशवीत विषात बसून राहतो.

म्हणून प्रवास लांबचा असेल तर हे करा. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच त्याच्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस विचारा, आणि घरचं पाणी शक्य तितकं त्याच्या जवळ न्या. बंद पिशवी १५-२० मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडा, मासा लगेच टँकमध्ये घ्या आणि पिशवीतलं पाणी बादलीत टाका, टँकमध्ये नाही. आधीचे मासे असतील तर नव्यांना ४ आठवडे वेगळं ठेवा.

पाणी

तापमान २८ ते ३० अंश. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा १० च्या आसपास उतरतो, तेव्हा हीटरशिवाय भागत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप २४ तास चालू हवा. लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप आधी घ्या, शोभेचं लाकूड नंतर.

पहिले १४ दिवस रोज २५ ते ३० टक्के पाणी बदला. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, म्हणजे क्लोरीन. ते कल्ल्यांनाही मारतं आणि फिल्टरच्या जिवाणूंनाही. मी निळ्या पिंपात पाणी २४ तास एअर स्टोन लावून ठेवतो, वर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकतो. नवीन पाणी टँकपेक्षा एका अंशाहून जास्त गार-गरम नको.

पीएच खाली आणायला ॲसिडची बाटली आणू नका. जड पाण्यात तो आज उतरतो, उद्या परत चढतो, आणि हे हेलकावे माशाला जास्त त्रास देतात. फार्ममध्ये वाढलेले डिस्कस ७.५ च्या आसपासही नीट राहतात, फक्त आकडा स्थिर हवा. मी निम्मं आरओ, निम्मं बोअर असं मिसळतो. नुसतं आरओ नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच अचानक कोसळू शकतो.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या खाली. पहिले दोन आठवडे रोज मोजा. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर सोन्याहून पिवळं, जिवाणू तयारच मिळतात.

खाणं

पहिले २४ ते ४८ तास काहीही नाही. टँकचा दिवाही बंद. मोठा डिस्कस जागा बदलल्यावर ३-४ दिवस खात नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तिसऱ्या दिवशी चिमूटभर द्या. १० मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं नळीने ओढून घ्या. टँकच्या तळाशी वाळू नसेल तर हे काम सोपं जातं.

खायला लागले की मोठ्यांना दिवसातून २-३ वेळा, पिल्लांना ४-५ वेळा थोडं थोडं. ग्रॅन्यूल आणि फ्रोझन ब्लडवर्म आलटून पालटून. जिवंत ट्युबिफेक्स टाळा. ते घाण पाण्यात वाढतात आणि रोग सोबत आणतात. मी कोळंबी, पालक आणि लसूण वाटून पातळ वड्या गोठवतो. पहिल्यांदा केलं तेव्हा आईने मिक्सरचं ते भांडं कायमचं माझ्या नावावर केलं.

मासा काळवंडला, कोपऱ्यात तोंड करून बसला, पर मिटून जोरजोरात श्वास घेऊ लागला, तर हात खाण्याच्या डबीकडे नाही, किटकडे जाऊ द्या. अमोनिया दिसला की खाणं बंद आणि त्याच तापमानाचं निम्मं पाणी बदला. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा मात्र पोटातल्या रोगाची खूण असू शकते. तेव्हा जाणकाराला दाखवा.

आता पाण्याबद्दल. आपल्या शिरूर तालुक्यात उन्हाळ्यात काही गावांना टँकर लागतो आणि मी रोज ५० लिटर काढतो, हे मनाला टोचतं. म्हणून टँकचा एक थेंबही गटारात जात नाही. नायट्रेट म्हणजे झाडाचं खतच. आजीचा कढीपत्ता आणि शेवग्याची रोपं त्याच्यावर पोसतात. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला जातं.

वाचलेले ते दोन डिस्कस अजून आहेत. सकाळी मी जवळ गेलो की काचेशी येतात, हातातून खातात. काकांनी सांगितलेले ते दोन दिवस मी थांबलो असतो, टँकला आधी सहा आठवडे दिले असते, तर आज सहा आले असते. तुम्ही थांबा. माशाची भूक थांबते, पाणी थांबत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर किट विकत घ्या, मासे नंतर!