दम लागू दे, पण थोडाच वेळ!

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना आपण पाहिली असेल. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून माणसे जोर लावतात, क्षणभर थांबतात, पुन्हा जोर लावतात. कबड्डीतही तेच. चढाई फार तर ३० सेकंदांची, मग उसंत. अशा तुटक श्रमांचा आरोग्याला उपयोग होतो का?

व्यायाम सलग १० मिनिटे झाला तरच हिशेबात धरावा, असे पूर्वी सांगत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ही अट काढून टाकली. २०२२ साली ब्रिटनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुद्दाम व्यायाम न करणाऱ्या २५,२४१ व्यक्तींच्या हालचाली मनगटावरील यंत्राने मोजल्या होत्या. दिवसातून तीनदा एक-दोन मिनिटे जोमदार हालचाल होणाऱ्यांत पुढील सुमारे सात वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण, ती मुळीच न होणाऱ्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात हा केवळ संबंध आहे. मुळात निरोगी असलेली माणसेच अधिक हालचाल करत असतील, हेही शक्य आहे.

तरीही कारणे समजण्याजोगी आहेत. जोर लावताच स्नायू पहिले काही सेकंद साठ्यातील क्रिएटिन फॉस्फेट वापरतात, मग ग्लायकोजन. प्राणवायूची मागणी वाढते, हृदय जलद चालते. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवर अवलंबून न राहता रक्तातील साखर आत घेऊ शकतो. सराव ठेवल्यास पेशींतील तंतुकणिकाही वाढतात.

विहिरीचे पाणी ओढताना, भारा घेऊन घाटी चढताना कोकणात हे आपसूक घडे. आता पंप आला, दुचाकी दारात आली. म्हणून ते जाणूनबुजून करायला हवे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना १५ सेकंद नाडी मोजून चाराने गुणायला सांगा. मग एक मिनिट जागच्या जागी धावायला लावा. लगेच आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. नाडी किती लवकर पूर्ववत होते? महिनाभर रोज धावून तुलना करा.

मुलांना लंगडी, प्रौढांना घाटी किंवा जिना, वृद्धांना हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठबस पुरते. पूर्ण वाक्य बोलता येऊ नये इतपत दम लागला की जोर पुरेसा झाला. हृदयविकार, छातीत दुखणे किंवा चक्कर असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. आणि मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवीच. ही मिनिटे खेळाच्या तासाची जागा घेऊ शकत नाहीत.