मोजणी शून्यापासून की एकापासून?

विदर्भातील आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल हा आजार जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने होतो. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. जुन्या पुस्तकांत ही जागा सहावी लिहिलेली असते, नव्या जनुकीय अहवालांत सातवी. बदल तोच, आजारही तोच. प्रथिन तयार झाल्यावर गळून पडणारा पहिला घटक नव्या पद्धतीत मोजला जातो, एवढाच फरक.

संगणकात हा घोळ आणखी वाढतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात. ती वाचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फाइलींपैकी ‘व्हीसीएफ’ प्रकारात पहिल्या अक्षराला एक म्हणतात, तर ‘बेड’ प्रकारात शून्य. हे लक्षात न घेता माहिती इकडून तिकडे नेली, तर नेमक्या जागेऐवजी शेजारचे अक्षर तपासले जाते. मग असलेला दोष निसटू शकतो.

अशा चुका प्रत्येक प्रयोगशाळेने नव्याने करू नयेत, म्हणून तयार आज्ञावल्यांचे संच वापरले जातात. त्यांना सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणतात. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘बायोपायथॉन’ ही त्यातलीच एक. ती मोफत आहे आणि तिची आज्ञावली कोणीही वाचू शकतो, सुधारणा सुचवू शकतो. मात्र सुधारणा सुचवणारे अनेक असले की आधी एकत्र बसून ठरवावे लागते. २००२ मध्ये अमेरिकेतील टुसॉन आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे बायोपर्ल, बायोजावा, बायोपायथॉन अशा लायब्रऱ्यांवर काम करणारी मंडळी जमली. संगणकभाषा वेगळ्या असल्या, तरी जनुकीय माहिती साठवण्याची आणि मागवण्याची पद्धत सारखी असावी, यावर त्यांनी काम केले. २००८ पासून जपानमध्येही असे मेळावे भरू लागले.

यात अवघड प्रश्न असतो तो जुने काय काढायचे हा. बायोपायथॉनमध्ये प्रत्येक अक्षरमालेला ती डीएनएची, आरएनएची की प्रथिनाची, अशी ओळख जोडण्याची एक जुनी, गोंधळाची व्यवस्था होती. सप्टेंबर २०२० मधील १.७८ या आवृत्तीत ती काढून टाकली. लायब्ररी सुटसुटीत झाली, पण त्या व्यवस्थेवर बेतलेल्या जुन्या आज्ञावल्या नव्या आवृत्तीवर चालेनाशा झाल्या. त्या दुरुस्त कराव्या लागल्या.

म्हणूनच बदलाची पूर्वसूचना, दुसऱ्या जाणकाराची तपासणी आणि चाचण्या यांना महत्त्व आहे. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रावर रुग्णांच्या नमुन्यांआधी उत्तर माहीत असलेला नमुना चालवतात. सॉफ्टवेअरचेही तसेच. उत्तर माहीत असलेली माहिती प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवून पाहायची. उत्तर बदलले, तर थांबायचे. हे कंटाळवाणे काम बरेचदा स्वयंसेवक आपली नोकरी सांभाळून करतात. नवी सोय जोडणाऱ्याचे कौतुक होते. जुनी चूक शोधून काढणारा मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? जनुकीय चाचणीचा अहवाल जपून ठेवावा. त्यात कोणता संदर्भ जनुकसंच वापरला, हे पाहावे. ‘३७’ आणि ‘३८’ या आवृत्त्यांत एकाच बदलाचा जागाक्रमांक वेगळा असू शकतो. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीची तपासणी करताना जुना अहवाल सोबत न्यावा आणि डॉक्टरांना दाखवावा. आकडे जुळले नाहीत, तर लगेच घाबरू नये. आधी विचारावे, मोजणी कुठून केली आहे?