मळीतला पोटॅश

‘मळीमिश्रित पाण्याने नदीत मासे मेले’ ही बातमी ऊसपट्ट्यात कुणाला नवी नाही. ते पाणी, म्हणजे डिस्टिलरीचा स्पेंट वॉश, काचेच्या चंबूत घेतलं तर फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखं दिसतं. वास जळक्या गुळाचा, वरून आंबूस. दहापट पाणी घातलं तरी रंग हटत नाही. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो त्याच प्रक्रियेचा हा काळा अवतार. जिवाणूंनाही तो सहज पचत नाही.

एक लिटर अल्कोहोलमागे असं आठ ते पंधरा लिटर पाणी निघतं. मळी आंबवून अल्कोहोल करताना यीस्ट फक्त साखर खातं. उसाने जमिनीतून ओढलेला पोटॅश रसातून मळीत आणि मळीतून या पाण्यात जसाच्या तसा उतरतो. आपण पोटॅश जवळपास सगळा परदेशातून आणतो आणि इथला वर्षानुवर्षं नदीला वाहिला!

2003 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेने डिस्टिलरींना नदीनाल्यांची वाट बंद करायला सांगितलं, तेव्हा हिशेब बदलला. आता बऱ्याच ठिकाणी स्पेंट वॉशपासून आधी बायोगॅस काढतात, किंवा तो थेट आटवतात. निघालेलं पाणी शुद्ध करून पुन्हा कारखान्यातच वापरतात. उरलेला, जवळपास साठ टक्के घनपदार्थांचा काकवीसारखा दाट राब उसाच्या भुशाबरोबर बॉयलरमध्ये जाळतात. त्याच वाफेवर पुढचं अल्कोहोल उकळतं.

आंबवणीच्या टाकीतून सुटणारा वायूही थोडाथोडका नसतो. शंभर किलो ग्लुकोजचे कागदावर 51 किलो अल्कोहोल आणि 49 किलो कार्बन डायऑक्साइड होतात. हा वायू धुऊन, दाबून सोड्याच्या बाटल्यांसाठी आणि कोरड्या बर्फासाठी विकता येतो. तरी तो हवेत सोडून देणारे कमी नाहीत.

बॉयलर सांभाळणारे मात्र जाळायच्या त्या राबाला वैतागतात. पोटॅशमुळे राख कमी तापमानालाच वितळते, नळ्यांना चिकटते, आणि बॉयलर थंड करून ती खरवडावी लागते. तीच राख दाणेदार करून खत म्हणून विकतात. तिच्यात किमान 14.5 टक्के पोटॅश हवा, असा नियम आहे. 2021 पासून तिला अनुदानही मिळतं. ज्याच्या उसातून हा पोटॅश आला, तोच शेतकरी आता त्याचं पोतं पैसे मोजून घरी नेतो.