गेममधली पहिली नोकरी, व्हाया नाणेघाट

शिवनेरी चढताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. वाट वळते, पुढचं दिसत नाही. वरच्या पहाऱ्याला मात्र आपण दिसतो. खेळणाऱ्याला असं अडवायचं, चकवायचं, पुढं न्यायचं, हे आखायला व्हिडिओ गेमच्या स्टुडिओत माणूस लागतो. त्याला म्हणतात लेव्हल डिझायनर.

स्टुडिओही जवळच, पुण्यात. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी' या गेमची नायिका हरवलेल्या भावाला शोधायला राक्षसांशी लढते आणि तिची गोष्ट सांगतात साक्षात दुर्गा नि विष्णू! २०१७ मध्ये लोकवर्गणी जमली नाही, तरी २०२० मध्ये गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. 'इंडस' हा गेम बनवणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच.

सुरुवात कुठूनही होते. गुनपेई योकोई जपानच्या निंटेंडो कंपनीत लागले १९६५ मध्ये, पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. १९८९ चा गेमबॉय, हातात धरून खेळायचं यंत्र, त्यांच्याच हाताखाली घडला.

अनेकांची पहिली पायरी असते टेस्टरची. दिवसभर मजेत खेळायचं, असं ते काम नाही. प्रत्येक भिंतीला धडकायचं, नको तिथं उडी मारायची आणि गेम कुठं फसला, काय केल्यावर फसला, पुन्हा फसतो का, हे नेमकं लिहायचं. चोख लिहिणाऱ्याला इथं मोठी किंमत आहे.

अर्जासोबत मात्र स्वतःचा छोटा गेम हवाच. पाच मिनिटांचा चालेल, अर्धवट नको. गेम बांधायचं गोडो आणि थ्रीडी आकार घडवायचं ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. 'लुडम डेअर'सारख्या स्पर्धेत तर ४८ तासांत गेम उभा करतात.

विषय? नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून ओळखला जातो. बैलांचे तांडे, घाट, जकात, नफा-तोटा: व्यापाराचा गेम तयार! माझं मन मात्र उसात अडकतं. वीज रात्रीची, पाणी द्यायला जायचंय, हातात बॅटरी आणि फडात बिबट्या. लपतछपत खेळायचा गेम यापेक्षा खरा कुठं सापडेल? जुन्नर-आंबेगावच्या पोरांना ही भीती माहीत आहे. पाचटाची सळसळ, कुत्र्यांचं अचानक गप्प होणं त्यांनी ऐकलंय. तो आवाज मोबाइलवर टिपा. ढोलकी हवी असेल तर नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. तिथल्या वादकाला विचारा, मानधन द्या आणि गेमच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव ठळक छापा.