'आमची दहावी' नेमकी कोणाची?

ऑफिस सुटल्यावर गाडीत उभ्याने प्रवास करून, घरी न जाता तुमच्यातले बरेच जण थेट इथे आले आहेत, हे मला दिसतंय. काहींच्या मांडीवर अजून डब्याची पिशवी आहे. म्हणून वेळ फुकट न घालवता विषयाला सुरुवात करतो.

विषय आहे, दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनी नेमकं काय करावं. मी मानसशास्त्राचा माणूस नाही आणि क्लासही चालवत नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा वेळापत्रक किंवा हमखास प्रश्नसंच माझ्याकडून मिळणार नाहीत. पण या विषयाच्या मुळाशी एक प्रश्न आहे, 'करणारा कोण?' आणि हा प्रश्न आमच्या शास्त्रात फार जुना आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठेही जा, जून महिना लागला की एक वाक्य कानावर पडतं. "लग्नाला जमणार नाही हो, यंदा आमची दहावी आहे." बोलणाऱ्या बाईंचं किंवा गृहस्थांचं वय पंचेचाळीस असतं. त्यांची दहावी होऊन तीस वर्षं झालेली असतात! या वाक्यात माया आहे, ती मी नाकारत नाही. दोन खोल्यांच्या घरात एकाची परीक्षा असली की सगळ्या घराचीच परीक्षा असते. पण त्या 'आमची' या शब्दात एक गफलतही आहे. आज मला त्या गफलतीबद्दल बोलायचं आहे.

आपल्या न्यायशास्त्रात कार्यकारणाची सगळी चर्चा मडक्याच्या उदाहरणावर चालते. माती हे मडक्याचं समवायी कारण. कुंभार, चाक, काठी ही निमित्त कारणं. आता मडकं होण्याच्या आधी तिथे पुष्कळ गोष्टी हजर असतात. त्या सगळ्याच कारणं मानायच्या का? नैयायिक म्हणतात, नाही. आधी असूनही जी गोष्ट खरं कारण नसते, तिला त्यांनी 'अन्यथासिद्ध' असं नाव दिलं. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेद' या ग्रंथात अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या चौथ्या प्रकाराचं उदाहरण कोणतं, ठाऊक आहे? कुंभाराचा बाप. (हशा) आणि पाचव्याचं, माती वाहून आणणारं गाढव. (मोठा हशा)

हसलात ते बरं झालं, पण युक्तिवाद नीट बघा. बाप नसता तर कुंभार जन्मालाच आला नसता, हे शास्त्रकारांना मान्य आहे. पण बापाचा संबंध कुंभाराशी आहे, मडक्याशी नाही. मग कोणी शंका काढतो, अहो, बापही कुंभारच असेल की! त्याचंही उत्तर तिथे आहे. कुंभार म्हणून तो कारण होऊ शकतो, बाप म्हणून नाही. आता पुढचं वाक्य माझं. बाप स्वतः चाकावर बसला तर मडकं होईल, पण ते बापाचं मडकं असेल. मुलाच्या हाताला वळण लागलेलं नसेल.

आपण कुठे कुठे चाकावर बसतो ते पाहा. दहावीला बहुतेक विषयांत लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं असतं. त्या वीस गुणांचे प्रकल्प किती घरांत आई लिहिते आणि बाबा ऑफिसातून छापून आणतात? धड्यांच्या नोट्स आई काढते, मुलगा फक्त वाचतो. कोणता धडा कधी करायचा, सराव उत्तरपत्रिका कधी सोडवायची, क्लास कोणता, हे सगळं आपण ठरवतो. आणि मार्च महिन्यात कुठल्या तरी परक्या शाळेतल्या बाकावर ते पोर एकटं बसतं. वर्षभरात कधीच चाकावर न बसलेलं पोर तिथे पहिल्यांदा बसतं. मग घाबरणार नाही तर काय करेल?

मग पालकांनी हात बांधून बसायचं का? अजिबात नाही. चाक फिरायचं तर आस नीट हवा, माती ओली राहायला हवी, वर पावसापासून आडोसा हवा. या सहकारी गोष्टी आहेत आणि त्यांच्याशिवाय उत्तम कुंभारही काही करू शकत नाही. पालकांचं काम हे आहे. ते छोटं नाही. चार-पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, जागा आणि शांतता. आपल्याकडे स्वतंत्र खोली फार थोड्या मुलांना मिळते. पण घराबाहेर बसून वाचायची सवय आपल्या गावांना जुनी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. आज जागोजागी अभ्यासिका आहेत. मुलाला तिथे जायचं असेल तर 'घरात काय कमी आहे?' असं म्हणू नका. घरीच बसणार असेल तर दोन तास तरी घरातल्या सगळ्यांसाठी एकच नियम ठेवा. आजीची मालिका आठ वाजता असेल तर मुलाचं जेवण आठला ठेवा, आजीशी भांडण नको. आणि मुलाचा फोन काढून घेऊन आपण शेजारी बसून रील बघत असलो, तर त्या नियमाला काही अर्थ राहत नाही.

दुसरी, झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. या वयात शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. रात्री झोप उशिरा येते, सकाळी जाग उशिरा येते. तो आळस नव्हे. 'आम्ही पहाटे चारला उठून अभ्यास करायचो' हे खरं असेल, पण आपण रात्री नऊला झोपतही होतो. रात्री बारापर्यंत जागलेल्या मुलाला चारला उठवणं म्हणजे दिवसभर वाचलेलं पुसून टाकणं. वाचलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला जरा आश्चर्य वाटेल. मुलाचा विषय तुम्हाला येत नसेल तर तुम्ही जास्त उपयोगी आहात. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग पुस्तक न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली मुलं काय करतात? रंगीत पेनाने रेघा मारत तोच धडा पाचव्यांदा वाचतात आणि 'झाला' म्हणतात.

इथे आईबाबांचं काम सुरू होतं. मेथी निवडता निवडता म्हणा, "हे अपवर्तन म्हणजे काय, मला सांग बरं. मला काही आठवत नाही." पोर सांगायला लागेल, मध्येच अडखळेल, आणि कुठे अडलं ते त्याचं त्याला कळेल. तुम्ही चूक दुरुस्त करायची गरजच नाही. सॉक्रेटिस म्हणायचा, माझी आई सुईण होती आणि मीही तेच काम करतो. सुईण स्वतः बाळंत होत नाही, ती दुसरीला मदत करते. प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघायची, एवढंच ते काम. फक्त ही तोंडी परीक्षा होऊ देऊ नका. पोराला बोलायचं नसेल तर विषय सोडून द्या.

चौथी, बोलणं. इथल्या कित्येक घरांत आईबाबा सकाळी सातला बाहेर पडतात आणि रात्री साडेआठ-नऊला परततात. मुलाची आणि त्यांची जागेपणी भेट होते ती तास-दीड तास. त्यात चपला काढता काढता पहिला प्रश्न येतो, "किती झालं?" मग "प्रिलिमचे मार्क कळले का?", मग "त्या समोरच्याचं सगळं झालंय म्हणे." मुलाला हे वसुलीसारखं वाटतं. त्याला दारावरची बेल ऐकूनच पोटात गोळा येत असेल, तर त्या घराचा आडोसा राहिला कुठे?

यावर एक साधी गोष्ट करून बघा. अभ्यासाबद्दल बोलायला आठवड्यातून एकच वेळ ठरवा. समजा रविवारी सकाळी, चहानंतर वीस मिनिटं. त्या वेळी मुलानं आपली योजना सांगायची आणि तुम्ही विचारायचं, "यात आमच्याकडून काय हवंय?" बाकीचे सहा दिवस अभ्यासाचा विषय आपण काढायचा नाही. पहिला आठवडा कठीण जाईल. मुलाला नव्हे, तुम्हाला.

पाचवी गोष्ट, तुलना. पूर्वी मंडळाची गुणवत्ता यादी लागायची. पेपरात फोटो यायचे, आईवडील पेढा भरवताना. मंडळानं ती यादी केव्हाच बंद केली, पण आपण ती व्हॉट्सॲपच्या गटात आणि सोसायटीच्या पूजेत चालू ठेवली आहे. सत्यनारायणाच्या दिवशी नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना शाल आणि भेटवस्तू मिळते. बासष्ट टक्के मिळालेली मुलगी त्या दिवशी घरातून खालीच उतरत नाही. तुमच्यातले जे सोसायटीच्या कमिटीवर असतील त्यांना माझी विनंती आहे, बोलवायचं तर परीक्षा दिलेल्या सगळ्यांना बोलवा. कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली एक गोष्ट ठासून सांगितली, की कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. मुलाचे गुण आपल्या प्रतिष्ठेसाठी वापरणं, हे त्याला साधन करणंच आहे. हे आपण प्रेमापोटी करतो, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही, इतकंच.

आता तुमच्या मनातला प्रश्न मला कळतो. 'सर, हे सगळं अभ्यास करणाऱ्या मुलांचं झालं. आमचा बसतच नाही, त्याचं काय?' न बसण्याची कारणं मला तीन दिसतात. एक, त्याला समजत नाही. आठवीचं गणित कच्चं राहिलेलं असतं आणि तो दहावीच्या पुस्तकासमोर बसतो. त्याला ओरडा नको, आठवीचं पुस्तक हवं. दोन, त्याला भीती वाटते. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, म्हणून तो फोन उघडतो. त्याला दहा मिनिटांचं छोटं काम द्या आणि ते झालं की उठू द्या. तीन, त्याला हे नकोच आहे. विशेषतः अकरावी-बारावीला, जेईई किंवा नीटच्या क्लासचे पैसे भरून झालेले असतात आणि मुलाला कॉमर्सला किंवा आर्ट्सला जायचं असतं. तिथे वेळापत्रक बदलून काही होत नाही. तिथे बसून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, भरलेले पैसे विसरून. या तीन मुलांना एकच औषध देऊन चालत नाही. आणि यातला आपला कोणता, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून हळू बोलतो. २०२१ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्या सगळ्या परीक्षेमुळे झाल्या असं कोणी म्हणणार नाही, माणसाच्या दुःखाला एकच कारण क्वचित असतं. पण निकाल मनासारखा लागला नाही तर पुढे काय, हे घरात आधी बोललं गेलं पाहिजे. निकालानंतर दिलेला धीर मुलाला सांत्वन वाटतो. परीक्षेआधी दिलेला धीर त्याला खरा वाटतो.

आणि धीर नुसता शब्दांनी देऊ नका, माहिती द्या. नापास झालं तर वर्ष गेलंच असं नाही, पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. आयटीआय आहे, पदविका आहे. परीक्षेच्या आधीच्या एखाद्या रविवारी हे सगळं एका कागदावर मांडून मुलाला म्हणा, "यातलं काहीही झालं तरी तू या घरात आजच्यासारखाच राहशील."

मुलगा अचानक गप्प झाला, जेवण-झोप बिघडली, मित्रांना टाळू लागला, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलला, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा आणि मदत घ्या. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो. मन आजारी पडलं तरी तसंच जायचं, त्यात लाज कसली?

कर्म आणि फळ यांच्याबद्दलचा गीतेतला श्लोक आपण परीक्षेच्या दिवसांत मुलांना ऐकवत असतो. माझं म्हणणं असं, की त्या दिवसांत तो मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू आहे. मुलाच्या अभ्यासाचं कर्म मुलाचं. आपलं कर्म म्हणजे घर शांत ठेवणं, जेवण वेळेवर देणं, नीट ऐकणं, आणि निकाल काहीही लागला तरी त्याच दारात उभं राहणं. एवढं झालं की आपली परीक्षा आपण दिली. त्याची त्याला देऊ द्या.

कोणाला काही विचारायचं असेल तर मी थांबलो आहे. ज्यांना गाडी गाठायची आहे त्यांनी खुशाल निघावं, घरी कोणीतरी वाट बघत असेल. आणि दार उघडल्यावर पहिला प्रश्न "किती झालं?" असा नसावा, एवढं लक्षात ठेवा. "जेवलास का?" असं विचारा.