अनोळखी बाईला नाव कसं मिळतं?



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कधी कधी एक छोटी चौकट येते. 'अनोळखी स्त्रीचा मृतदेह आढळला. वय अंदाजे ३० ते ३५ वर्षे, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात हिरवी साडी. ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.' आपण ती वाचतो आणि पान उलटतो. त्या चार ओळींचं पुढे काय होतं, ओळख पटते तेव्हा ती कशी पटते आणि पटत नाही तेव्हा अडतं कुठे, हे आज समजून घेऊ.

विषय जड आहे, पण तो आपलाच आहे. गटाच्या कामासाठी आम्ही गावोगाव जातो, तेव्हा कुठे ना कुठे एखाद्या बाईचं नाव हळू आवाजात निघतं. 'ती गेली, कुठं गेली कुणाला ठाऊक.' पोलिसांत सांगितलं का, असं विचारलं की सगळ्या गप्प होतात. त्या गप्प बसण्याशी या विषयाचा फार जवळचा संबंध आहे.

आधी एक परदेशातली हकिगत सांगतो, कारण तिच्यातून सगळा मार्ग नीट दिसतो. बेल्जियम नावाचा युरोपातला देश. तिथल्या अँटवर्प शहरात जून १९९२मध्ये नदीच्या पाण्यात, जाळीला अडकलेला एका बाईचा मृतदेह सापडला. तिचा खून झाला होता. जवळ नाव-पत्त्याचा कागद नव्हता. एक खूण मात्र ठळक होती. डाव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधे, गोंदलेलं होतं. काळं फूल, हिरवी पानं आणि खाली 'आर-निक' अशी अक्षरं. पोलिसांनी तपास केला, पण त्या शहरात तिला ओळखणारं कुणी पुढे आलं नाही. पुढची ३१ वर्षं ती 'फुलाच्या गोंदणाची बाई' एवढीच राहिली.

मे २०२३मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी या तीन देशांच्या पोलिसांनी इंटरपोलच्या मदतीने एक मोहीम काढली. इंटरपोल म्हणजे १९६ देशांच्या पोलिसांना जोडणारी संघटना. मोहिमेचं नाव 'आयडेंटिफाय मी', म्हणजे 'मला ओळखा'. तिन्ही देशांत मिळून २२ अनोळखी स्त्रियांची प्रकरणं होती. बहुतेकींचा खून झालेला, कुणाचा संशयास्पद मृत्यू. सगळ्यांत जुनं प्रकरण १९७६ सालचं.

इंटरपोल अनोळखी मृतदेहासाठी जी सूचना काढते, तिला काळी नोटीस म्हणतात. हरवलेल्या माणसासाठी पिवळी नोटीस असते. काळी नोटीस एरवी फक्त पोलिसांत फिरते. या वेळी पहिल्यांदाच तिच्यातली काही माहिती सर्वांसाठी खुली केली. चेहऱ्याची चित्रं, दागिने, कपडे, गोंदण, सगळं लोकांपुढे ठेवलं. ब्रिटनमधल्या एका कुटुंबाने बातम्यांत ते गोंदण बघितलं आणि ओळखलं. त्यांची मुलगी फेब्रुवारी १९९२मध्ये अँटवर्पला राहायला गेली होती. मे महिन्यात तिचं एक पोस्टकार्ड आलं, त्यानंतर काही नाही. घरचे बेल्जियमला गेले, इतर खुणा जुळवल्या आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तिची ओळख जाहीर झाली. मरताना ती ३१ वर्षांची होती. तिचं नाव जगजाहीर आहे, पण ते दुःख तिच्या घरच्यांचं आहे, म्हणून इथे घेत नाही.

बेल्जियमच्या पोलिसांकडे मृतदेह होता, नाव नव्हतं. ब्रिटनमधल्या घराकडे नाव होतं, ती कुठे आहे ते माहीत नव्हतं. दोन्ही बाजू समोरासमोर यायला ३१ वर्षं लागली. अशा बहुतेक प्रकरणांत अडतं ते इथेच.

पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये फ्रान्स, इटली आणि स्पेन हे देश मोहिमेत आले आणि प्रकरणं ४६ झाली. २०२५मध्ये आणखी काही जणींना नाव मिळालं. एक बाई २०१८ साली स्पेनमध्ये एका कोंबड्यांच्या शेडमध्ये मृत सापडली होती. ती दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वे देशाची निघाली. ती २०१३मध्ये स्पेनला गेली होती. संपर्क तुटल्यावर तिच्या भावाने २०१९मध्ये आपल्या देशात हरवल्याची नोंद केली होती. स्पेनच्या पोलिसांनी तिच्या बोटांचे ठसे पाठवले आणि पराग्वेच्या सरकारी नोंदीतल्या ठशांशी ते जुळले. दुसरी २००५ साली बार्सिलोनाजवळ सापडलेली, गुलाबी कपड्यांतली बाई. तिचे ठसे तुर्कस्तानच्या पोलिसांकडच्या नोंदीत सापडले. ती रशियाची होती. जवळच्या नातेवाइकाच्या डीएनएने खात्री केली.

तिघीही आपल्या देशापासून लांब मेल्या. परक्या गावात बाईला चेहऱ्याने ओळखणारे थोडे असतात आणि नोंद होते ती तिच्या मूळ गावी, झाली तर. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, घरकामाला दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या आपल्या बाईची गत याहून वेगळी नाही.

आता ओळख पटवतात कशी ते पाहू. आपल्याला वाटतं चेहरा बघितला की झालं. पण मृत्यूनंतर चेहरा लवकर बदलतो, पाण्यात किंवा उन्हात तर फारच. धक्क्यात असलेले नातेवाईक चुकतातही. म्हणून तीन गोष्टी पक्क्या मानतात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. गोंदण, जुन्या जखमा, ऑपरेशनचे व्रण, हाडात बसवलेला रॉड किंवा प्लेट, दागिने, कपडे यांचा आधार घेतात. कपडे आणि दागिने सगळ्यांत कच्चे, कारण साडी दुसरीचीही असू शकते. प्लेटवर मात्र बऱ्याचदा नंबर असतो, तो दवाखान्याच्या कागदाशी जुळवता येतो. दातांचा आणखी एक उपयोग आहे. लहानपणी आपण ज्या भागातलं पाणी पितो, अन्न खातो, त्याच्या खुणा दातांच्या वरच्या थरात राहतात. त्यावरून ही व्यक्ती साधारण कुठल्या भागात वाढली, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात.

गटात बायका विचारतात, 'आधारला सगळ्यांचे अंगठे दिलेत की! मग मशीनवर बोट ठेवलं की नाव यायला हवं.' तसं होत नाही. आधार कायदा २०१६चा आहे. त्याच्या कलम २९प्रमाणे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कुणालाही, कुठल्याही कारणासाठी देता येत नाही. पोलिसांच्या संगणकात ठसे असतात ते मुख्यतः गुन्ह्यात अटक झालेल्यांचे. साध्यासुध्या बाईचे ठसे तिथे नसतातच. म्हणून आपल्याकडे घरच्यांनी दिलेली माहिती जास्तच महत्त्वाची ठरते.

डीएनएचंही तसंच. मृतदेहाचा नमुना घेतला तरी तो जुळवायला दुसरा नमुना लागतो. तो कुणाचा? आई, वडील, सख्खी भावंडं किंवा पोटची मुलं यांचा. नवऱ्याचा चालत नाही, कारण नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं. म्हणजे लग्न झालेल्या बाईला मूल नसेल, तर तिची ओळख पटवणं माहेरच्यांच्याच हातात असतं. सासरचे म्हणतात, 'आम्ही बघतो, तुम्ही यात पडू नका.' माहेरच्यांनी हे ऐकून बसायचं कारण नाही. आई, भाऊ, बहीण, कुणीही स्वतः जाऊन हरवल्याची नोंद करू शकतं.

आपल्याकडे अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंचनामा होतो, फोटो काढतात, मृतदेह शवविच्छेदनाला जातो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ने चालायचं. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे. अंगावरच्या खुणा लिहून घेतात आणि मिसिंगच्या नोंदींत तसं कुणी आहे का ते पाहतात. आता विचार करा. हरवल्याची नोंदच झाली नसेल, तर पोलिसांनी जुळवायचं कशाशी? काही दिवस वाट बघून अंत्यविधी करावा लागतो. दहन झालं की मागे उरतात ते फोटो, कपडे, पंचनामा आणि ठेवला असेल तर नमुना.

नोंद का होत नाही? कारणं आपल्याला पाठ आहेत. 'पोरगी पळून गेली असेल, गावभर कशाला करायचं?' 'रागावून गेली, येईल चार दिवसांत.' 'धाकटीचं लग्न व्हायचंय.' आणि एक मोठा गैरसमज, की २४ तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. असा नियम नाही. माणूस हरवल्याचं कळलं की त्याच दिवशी जा. १८ वर्षांखालचं मूल असेल तर अपहरण झालं असं धरून गुन्हा नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. लहान मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर आहेत. नोंद केल्यावर तिचा नंबर आणि तारीख लिहून घ्या. त्याने कुणाची बेअब्रू होत नाही. ती स्वतःच्या मर्जीने गेली असेल आणि सज्ञान असेल, तर तिला जबरदस्तीने घरी आणता येत नाही. ती सुखरूप आहे एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

नाव न मिळण्याचा त्रास मागे राहिलेल्यांनाही होतो. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून वारस नोंद अडते, विमा अडतो. ज्यांना तिची खबर असायला हवी, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर कायदा मृत्यू झाला असं धरतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११मध्ये हे आहे. पण त्यासाठी बहुधा कोर्टात जावं लागतं, आणि तिथे ती कधीपासून बेपत्ता आहे हे दाखवायला हरवल्याची नोंद उपयोगी पडते.

आणि खून झाला असेल तर? नाव कळेपर्यंत खऱ्या तपासाला सुरुवातच होत नाही. ती कुणाबरोबर राहत होती, शेवटी कुणाला भेटली, कुणाशी भांडण होतं, हे प्रश्न नाव असलेल्या बाईबद्दलच विचारता येतात. मारणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून तो मृतदेह लांब नेऊन टाकतो. अँटवर्पच्या त्या बाईला नाव मिळालं, तेव्हा पोलिसांनी पुन्हा लोकांना आवाहन केलं की १९९२मध्ये तिला ओळखणाऱ्यांनी पुढे यावं. आपल्याकडेही खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही. वीस वर्षांनी पुरावा मिळाला तरी खटला चालतो.

यात आपल्या हातात काय आहे? घरातल्या प्रत्येक बाईमाणसाचा एक कागद करून ठेवा, मुलांचाही करा. उंची. हातावर काय गोंदलंय, कुठल्या हातावर. दात कुठला पडलाय, कुठला पुढे आहे. नसबंदीचं, सिझेरियनचं किंवा दुसरं ऑपरेशन झालंय का, कुठल्या दवाखान्यात. हाड मोडलं होतं का. त्याचा एक्स-रे रद्दीत देऊ नका. मोबाइलचा नंबर. अलीकडचा एक फोटो, शक्यतो हसतानाचा, म्हणजे दात दिसतात. कित्येकींचा साफ फोटो एकच असतो, गटाचं बँक खातं उघडताना काढलेला. त्याची एक प्रत घरी ठेवा. कामाला बाहेरगावी जाणारी असेल तर मुकादमाचं नाव, नंबर आणि गाव लिहा. कागदाची एक प्रत माहेरी द्या. आणि कुणी खरोखर हरवलं, तर तिचा कंगवा आणि दात घासायचा ब्रश धुऊ नका, टाकूही नका. डीएनएसाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास याला द्या. लिहिता येणाऱ्या बाईने न येणारीचा कागद लिहावा. आणि तुमच्या गावात जिच्याबद्दल हळू आवाजात बोललं जातं अशी कुणी असेल, तर तिच्या आईला नाहीतर बहिणीला एकदा विचारा, 'नोंद केली का?' केली नसेल तर सोबत जा. दहा वर्षं झाली असली तरी जा. कुठल्या तरी पोलीस ठाण्याच्या कपाटात तिच्या फोटोचं पाकीट पडून असेल. ती जिवंत असेल, तर त्याहून चांगलं काय?